सवयींच्या रकान्यातली खूण

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, हदगावला शेती करणाऱ्या भावाला नाही, त्या काळात ज्याच्यासोबत एका खोलीत राहिलो त्या मित्रालाही नाही. तीस वर्षं होत आली. इतकी वर्षं एखादी गोष्ट दाबून ठेवली की ती आपोआप मरत असेल, असं मला वाटायचं. ती मरत नाही. घरात मधोमध कपाट असावं आणि त्याला वळसा घालून चालायची सवय व्हावी, तसा मी तिच्यासोबत राहायला शिकलो.

आधी मी कोण ते सांगतो — म्हणजे हे सांगणारा माणूस दिसायला किती बरा आहे ते तुम्हाला कळेल. लातूरला माझे जीवशास्त्राचे क्लासेस आहेत. चौकात माझा फोटो असलेला फलक आहे, त्यात माझे केस आहेत त्यापेक्षा काळे आहेत. जूनमध्ये पालक पोरांना घेऊन येतात आणि ‘सर, पोरगं तुमच्या पदरात टाकलं’ म्हणतात. यकृताचा पाठ मी दरवर्षी स्वतः शिकवतो, हाताखालच्या कुठल्याच मास्तराला देत नाही. सगळ्यांना वाटतं तो सरांच्या आवडीचा पाठ आहे. मीही तसंच वाटू देतो.

भूकंपाला तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. पत्र्याच्या शेडमधली माणसं नव्या वसाहतींत जात होती, आणि इकडे लातुरात गल्लीगल्लीत क्लासचे बोर्ड लागत होते. मी बी.एस्सी. होऊन रिकामाच होतो. त्या वेळी एका मोठ्या डॉक्टरांनी लिव्हरच्या आजाराची पाहणी हाती घेतली होती आणि त्यांना गावोगाव फिरून फॉर्म भरणारी माणसं हवी होती. आपल्या भागात लिव्हर खराब होऊन माणसं का मरतात, त्यातल्या काहींना पुढं लिव्हरचा कॅन्सर का होतो, हे त्यांना शोधायचं होतं. दारूमुळं? की रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या विषाणूमुळं? प्रश्न साधा वाटतो. पण आमच्याकडे पोट फुगून, डोळे पिवळे होऊन माणूस गेला की सगळी चौकशी दोन शब्दांत संपायची — पीत होता. डॉक्टरांना नेमकं तेच तपासून बघायचं होतं. चांगलं काम होतं ते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात त्या कामाचा काही दोष नाही.

दवाखान्यांतून, शिबिरांतून पेशंटची नावं यायची. आम्ही त्यांच्या घरी जाऊन सहा पानांचा फॉर्म भरायचा. चौथ्या पानावर सवयींचा रकाना होता — तंबाखू, विडी, दारू. दारूपुढं ‘नाही’वर खूण झाली की त्या माणसाचं रक्त घ्यायचं, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी लातूरला आणायचं आणि विषाणूची तपासणी करायची. विषाणू सापडला तर घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं. ‘हो’वर खूण झाली तर रक्त घ्यायचं नाही. तपासणीचं साहित्य मोजकंच होतं, आणि पिणाऱ्याच्या आजाराचं कारण कळलेलंच आहे असं धरलेलं होतं. सगळं त्या एका खुणेवर होतं. कुणाचं रक्त बघायचं, कुणाच्या लेकराबाळांचं बघायचं — सगळं.

आता दारूचं कोण खरं सांगतं? म्हणून आम्ही फॉर्म भरणाऱ्यांनी आपली एक रीत पाडली होती. माणसाला विचारायचं, तो ‘न्हाई’ म्हणायचा. मग पाणी मागायच्या निमित्तानं चुलीपाशी जाऊन त्याच्या बायकोला तोच प्रश्न विचारायचा. ती तोंडानं काहीच सांगायची नाही, पण तिची मान खाली गेली की आम्ही ‘हो’वर खूण करायचो. ताठ राहिली तर ‘नाही’. आणि बायको नसेल तर? तर अंदाज. माणूस बघायचा, घर बघायचं, आणि ठरवायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांना माहीतही नव्हतं. आम्ही चौघंपाच पोरं होतो, चहा पीत पीत आम्हीच हे ठरवलं होतं, आणि आपण फार हुशार आहोत असं आम्हाला वाटत होतं.

महेबूबचाचांना बायको नव्हती.

निलंग्याच्या बाजारात त्यांचं कल्हईचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक भट्टी, एक भाता, आणि मागं दोन खोल्यांचं घर. बायको पोरगी लहान असतानाच वारली होती. शिबिरात त्यांच्या पोटात पाणी निघालं होतं, डोळे पिवळे झाले होते, म्हणून त्यांचं नाव माझ्या यादीत आलं. मी गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. पाय सुजलेले, पोट वर आलेलं, आणि तरी माणूस भट्टीपुढं बसून पितळी घागरीत कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवत होता. नवसागराच्या धुरानं माझे डोळे चुरचुरले.

“बसा सायब. एवढी घागर उतरवतो, मग तुमचं काय ते पुसा,” ते म्हणाले.

मी बसलो. भिंतीला लागून भांड्यांची एक रांग होती. चेपलेली, ठोकून सरळ केलेली, आतून नवी कल्हई केलेली. भूकंपाच्या ढिगाऱ्यातून निघालेली भांडी होती ती. लोकांनी दुरुस्तीला टाकलेली आणि मग परत न्यायला कुणी आलेलं नाही. कोण आजारानं गेलं, कोण गाव सोडून पोरीकडं राहायला गेलं, काय माहीत. चाचांना उर्दू यायचं, मराठी वाचता येत नव्हतं. भांड्यांवर कोरलेली नावं त्यांची पोरगी वाचून द्यायची, मग ते बाजारात त्या गावचं कुणी भेटलं की निरोप धाडायचे. आता पोरगी नव्हती, म्हणून त्यांनी एकेक भांडं माझ्यापुढं केलं.

“पोरगी होती तवर ती वाचायची. आता ती लातूरला हाय, बारावी सायन्स करून राहिली. तुम्ही वाचा जरा.”

मी वाचलं. ‘चि. सुमनच्या लग्नात मामाकडून’. दुसऱ्यावर नुसतं एक आडनाव आणि गाव. तिसऱ्यावर एका बाईचं नाव, त्यातलं मधलं अक्षर चेपलं गेलेलं. ते अक्षर काय असेल यावर आम्ही दोघांनी बराच वेळ घालवला. चाचा म्हणाले, नाव चुकीचं सांगितलं तर निरोप भलत्याच घरी जाईल. मला ते तेव्हा फार गमतीचं वाटलं. मी एका भांड्यावरच्या एका अक्षरासाठी इतका जीव आटवला, आणि अर्ध्या तासानं —

थांबा. तिथं एकदम पोचायला नको. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तिथं एकदम पोचतो आणि लगेच बाहेर पडतो.

फॉर्म सुरू झाला. नाव, वय, धंदा. पूर्वी कावीळ झाली होती का, कधी रक्त चढवलं का, सुया घेतल्या का. चौथं पान आलं. दारू पिता का, मी विचारलं. चाचांनी हातातला बोळा खाली ठेवला.

“न्हाई सायब. उभ्या जिंदगीत तोंडाला लावली न्हाई. आमच्या घरात ती चीजच न्हाई.” मग म्हणाले, “समदे पुसतात. पोट बघून पुसतात. तुम्ही लिहून घ्या, न्हाई म्हणून.”

त्यांनी लिहून घ्या म्हटलं. हे मला शब्दाशब्दानं आठवतं.

आणि मी ‘हो’वर खूण केली.

का केली? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होतो की आमच्या रितीनं केली. बायको नव्हती, म्हणून अंदाज केला. एकटा माणूस, आगीपुढचा धंदा, संध्याकाळी घेत असेल थोडी. कधी सांगायचो की पिणाऱ्यांच्या फॉर्मांचा गठ्ठा त्या महिन्यात कमी पडत होता. दोन्ही खोटं. माझा अंदाज काय होता ते मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. हा माणूस खरं बोलतोय, असाच माझा अंदाज होता.

खरं कारण असं. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता लातूरच्या एका क्लासमध्ये माझा पहिला तास होता. आठवडाभर मी त्या क्लासच्या मालकांच्या मागं लागलो होतो. शेवटी ते म्हणाले, एक तास घेऊन दाखव, पोरांना आवडलं तर ठेवतो. आणि मी सकाळी निघताना बर्फ घेतला नव्हता. चाचांचं रक्त घेतलं असतं तर बाजारात जाऊन बर्फ शोधायला लागला असता — मिळाला नसता असं नाही, दोन दुकानं सोडून कोल्ड्रिंकवाला होता — मग लातूरला पोचून बाटली प्रयोगशाळेत द्यायची, रक्तातलं सीरम वेगळं करून होईपर्यंत तिथं बसायचं, वहीत सही करायची. सहा वाजले असते. ‘हो’वर खूण केली की दीडची एसटी मिळत होती.

मला दीडची एसटी मिळाली. खिडकीची जागासुद्धा मिळाली. पाच वाजता मी फळ्यापुढं उभा होतो, आणि तास इतका रंगला की पोरांनी बाकं वाजवली. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. हे सांगायला लाज वाटते, पण आनंद झाला होता हे खरं आहे. चाचा मला त्या अख्ख्या संध्याकाळी एकदाही आठवले नाहीत.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, पोरवय होतं, चूक झाली. मीही इथंच थांबलो असतो तर कदाचित त्याला चूक एवढंच नाव राहिलं असतं. पण पुढं आहे.

फॉर्म बघून दवाखान्यातून पेशंटला एक चिठ्ठी मिळायची, इंग्रजीत. चाचांची चिठ्ठी तयार झाली. दारूमुळं लिव्हर खराब झालंय, दारू पूर्ण बंद करावी, असं त्यात होतं. चाचांना इंग्रजी कुठलं येतंय? त्यांनी ती चिठ्ठी घडी करून डब्यात ठेवली आणि पोरीकडं वाचायला पाठवली.

डब्याचं सांगायला हवं. लातूरला शिकायला असलेल्या पोरांचे डबे तेव्हा गावाकडून एसटीनं यायचे. कंडक्टरच्या सीटमागं डब्यांची उतरंड असायची आणि स्टँडवर पोरं आपापला डबा ओळखून घ्यायची. चाचा सकाळी स्वतः स्वयंपाक करायचे आणि पितळी डबा निलंग्याच्या गाडीत ठेवायचे. स्वतः कल्हई केलेला. त्या डब्यातून त्यांनी ती चिठ्ठी पाठवली, आणि पोरीनं, नसीमानं, स्टँडवर उभ्या उभ्या ती वाचली.

नसीमा त्याच क्लासला होती. मी नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते. तास संपल्यावर ती थांबली. सतरा वर्षांची, बारीक अंगाची, वहीवर फार सुंदर अक्षर काढणारी मुलगी. तिच्या हातात ती चिठ्ठी होती. ती म्हणाली, अब्बांनी सांगितलेल्या नावावरून कळलं, फॉर्म भरायला घरी आलेले, भांड्यांवरची नावं वाचणारे सर तुम्हीच. मग तिनं एकच प्रश्न विचारला.

“सर, हे चुकू शकतं का?”

तिला किती आशा होती ते मी बघितलं. आवाजातच होती. मी फक्त ‘हो, चुकू शकतं’ एवढं म्हणायला हवं होतं. कारणही सांगायला नको होतं! ‘मी परत बघतो’ म्हणालो असतो, दुसऱ्या दिवशी निलंग्याला जाऊन रक्त घेतलं असतं, फॉर्म बदलला असता. डॉक्टर चिडले असते, बस्स. पण आजूबाजूला चार पोरं उभी होती. माझा नवा शर्ट होता. त्या जागेवर मी नुकताच सर झालो होतो.

मी म्हणालो, “रिपोर्ट खोटं बोलत नसतो, बेटा. माणसं बोलतात.”

वाक्य चांगलं होतं. बाजूच्या एका पोरानं मान डोलावली. नसीमानं चिठ्ठी घडी केली, ‘बरं सर’ म्हणाली आणि गेली.

मला खरं विचाराल तर माझा गुन्हा हा आहे. ती खूण मी घाईत केली होती. हे वाक्य मी तिच्याकडे बघत, नीट, सावकाश बोललो.

त्यानंतर नसीमानं डबा घ्यायला स्टँडवर जाणं बंद केलं. ती मेसमध्ये जेवायला लागली. चाचा मात्र रोज डबा पाठवत राहिले. भरलेला डबा संध्याकाळच्या गाडीनं परत निलंग्याला. हे मला कंडक्टरनं सांगितलं, सहज, गप्पांमध्ये. कल्हईवाल्याचा डबा आजकाल तसाच माघारी जातो म्हणून. किती दिवस? मी विचारलं नाही. सुट्टीत ती घरी न जाता मैत्रिणीकडं उमरग्याला गेली, हेही मला कळलं. ज्या पोरीला बापानं एकट्यानं वाढवलं, तिला वाटत होतं की बाप आयुष्यभर तिच्यापाठीमागं पीत होता, आणि वर अल्लाची शपथ घेऊन खोटं बोलत होता. तिचं काय चुकलं? सरांनीच सांगितलं होतं.

पावसाळा संपता संपता चाचांना लातूरच्या दवाखान्यात आणलं. लिव्हरमध्ये गाठ झाली होती. मी तोवर पाहणीचं काम सोडलं होतं, क्लासचे दोन वर्ग माझ्याकडे आले होते. चाचांनी निरोप धाडला म्हणून गेलो. न जाऊन कसं चाललं असतं? खाटेवर माणूस राहिलाच नव्हता, पोट तेवढं होतं. शेजारच्या खाटेवरचे लोक त्यांच्याबद्दल कुजबुजत होते, आणि काय कुजबुजत होते ते ऐकायची गरज नव्हती.

“सर,” ते म्हणाले. आता सायब नव्हतो, पोरीचा सर झालो होतो. “नसीमा येती, बसती, पन बोलत न्हाई. मला म्हनली, अब्बा, मला सगळं ठाव हाय. काय ठाव हाय गं बाई? मी काय केलो?” त्यांना धाप लागली. “तुम्हीच पुसले होते ना मला. मी न्हाई म्हनलो होतो. तुमच्यापुढं म्हनलो होतो. तेवढं पोरीला सांगा. माझं ती ऐकत न्हाई, तुमचं ऐकल.”

त्यांना माझ्यावर रागसुद्धा नव्हता. त्यांना वाटत होतं, मी त्यांचा साक्षीदार आहे. दवाखान्यात कुठंतरी, कुणीतरी काहीतरी घोटाळा केला, पण ज्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं तो माणूस आपल्या बाजूनं आहे, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. त्यांनी माझा हात धरला. हाताला कथलाचा वास येतो असं मला वाटलं — भट्टी सोडून महिना झाला असेल, तरी.

मी म्हणालो, सांगतो.

बाहेर आलो तर नसीमा जिन्यात उभी होती. हातात वही नाही, नुसतीच उभी. मी तिला म्हणालो, अभ्यास मागं पडू देऊ नकोस. आणि खाली उतरलो. चाचा त्यानंतर चार दिवसांनी गेले.

मातीला मी गेलो नाही. तास होता.

पुढची वर्षं भरभर सांगतो, कारण ती भरभरच गेली. नसीमाला मेडिकलला जायचं होतं, मार्क कमी पडले. तिनं डी.एड. केलं, नांदेडकडं शाळेत लागली, तिकडंच लग्न झालं. माझा क्लास वाढला. भाड्याची खोली गेली, इमारत आली. दरवर्षी मी यकृत शिकवत राहिलो — शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी, किती सोसते, अर्धी गेली तरी तक्रार करत नाही — आणि दरवर्षी पोरं लिहून घेत राहिली. मध्ये काविळीच्या त्या विषाणूवर रोजच्या गोळ्या आल्या. विषाणू ज्यांच्या अंगात आहे त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, म्हणजे गाठ लहान असतानाच सापडते, हे सगळ्यांना माहीत झालं. मी स्वतः ते वर्गात सांगत होतो. तो विषाणू घरातल्या घरात, लहानपणीच, मोठ्यांकडून लेकरांना लागतो, हेही सांगत होतो. सांगताना माझा आवाज कधी अडला का? नाही. तेच तर म्हणतो. नाही अडला.

नसीमा कुठल्या शाळेत आहे ते मला माहीत होतं. एक फोन पुरे होता — रक्त तपासून घे, एवढाच. कारण विचारलं असतं तर? त्या ‘तर’पाशी मी दरवेळी फोन खाली ठेवला.

गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याचा फोन आला. नांदेडच्या दवाखान्यात आहे, सरांना भेटायचं म्हणते. मी गाडी काढली. अहमदपूर, लोहा, सगळा रस्ता मी काय बोलायचं ते ठरवत होतो. खरंच ठरवत होतो. या वेळी सांगायचं, असंच ठरलं होतं.

ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. डोळे पिवळे. पोट वर आलेलं. मी दारातच थांबलो, कारण मी तो देह आधी पाहिलेला होता. खाटेशेजारच्या स्टुलावर एक पितळी डबा होता.

“बसा सर. ओळखला का डबा? अब्बांचा आहे. कल्हई पार गेली, आता करून देणारं कुणी राहिलं नाही.”

मग ती शांतपणे, शिक्षिका बोलते तसं, एकेक मुद्दा सांगत गेली. लिव्हरचा कॅन्सर आहे. रक्तात काविळीचा विषाणू निघाला, बहुतेक लहानपणापासूनचा. नवऱ्याचं आणि दोन्ही लेकरांचं रक्त तपासलं, ते साफ आहेत. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं का? ती म्हणाली, वडील लिव्हरनं गेले, पण ते दारूनं. डॉक्टर म्हणाले, त्यांचं रक्त तपासलं होतं का? तिला सांगता येईना.

“तवापासून डोक्यात तेच चालू आहे, सर. मी तर आयुष्यात दारू बघितली नाही, आणि मला तेच झालं जे अब्बांना झालं. मग अब्बांना दारूनंच झालं हे कशावरून?” ती माझ्याकडे बघत होती. सतरा वर्षांची असताना बघितलं होतं, तसंच. “घरी तुम्हीच आला होता ना फॉर्म भरायला? अब्बा काय म्हणाले होते, आठवतं का?”

सगळं माझ्या पुढ्यात आणून ठेवलं होतं तिनं. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. जिथं ‘नाही’ लिहायचं तिथं मी ‘हो’ लिहिलं होतं, आणि आता जिथं ‘हो’ म्हणायचं —

“फार घरं केली गं तेव्हा,” मी म्हणालो. “आता इतक्या वर्षांनी नाही आठवत.”

तिनं स्टुलावरचा डबा जरा मागं सरकवला. मग म्हणाली, “बरं सर. आठवलं तर सांगा.” आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यालो.

ती त्यानंतर दोन महिने होती. दोन महिने म्हणजे साठ दिवस, आणि माझ्या खिशात फोन होता.

ती गेल्याचं सांगायला तिच्या नवऱ्यानं फोन केला. भला माणूस. म्हणाला, शेवटी शेवटी तिला फारसं बोलवत नव्हतं. पण दोनदा विचारलं तिनं. सरांचा फोन आला का? त्यांना काही आठवलं का?

मी त्याला काय उत्तर दिलं ते सांगत नाही. तुम्हाला आता कळतच असेल.

पाहणीचे ते मोठे डॉक्टर वारले, पाहणी कधीच बंद झाली, फॉर्म कुठल्या गोदामात सडले कुणाला माहीत. तरी तो फॉर्म मला चौथ्या पानापर्यंत पाठ आहे. तो आता नीट भरतो.

नाव — महेबूब. गाव — निलंगा. धंदा — भांड्यांना कल्हई करणे. घरात कोण — एक मुलगी, नसीमा, शिक्षण चालू. तंबाखू — नाही. विडी — नाही. दारू — नाही. विचारलं तेव्हा स्वतःच्या तोंडानं सांगितलं, उभ्या जिंदगीत तोंडाला लावली नाही. फॉर्म भरणाऱ्याला ते खरं वाटलं होतं.